अश्वाची कांति आणि मोतद्दाराचा हात

घोडा विकत घेण्यास निघालेला मनुष्य बाजारांत गेला म्हणजे प्रथम घोड्याचें तोंड उघडून दांत पाहतो, मग त्यास फिरवून त्याची चाल पाहतो, आणि शेवटीं आपल्याकडील जुन्या रिवाजाप्रमाणें त्याच्या अंगावरचे भोंवरे तपासतो. कोणता भोंवरा धन्यास लाभतो व कोणता घात करतो, याविषयींचीं मतें पिढ्यान् पिढ्या चालत आलेलीं आहेत. मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास तापीच्या कांठीं सारंगखेड्यास भरणारा बाजार असो, किंवा नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची जत्रा असो, भोंवऱ्यांची चर्चा तेथें कानांवर पडल्यावांचून राहत नाहीं. परंतु भोंवरा म्हणजे केसांच्या दिशेची एक नैसर्गिक मांडणी होय. शिंगरूं आईच्या पोटांत असतांनाच ती ठरून जाते आणि पुढें जन्मभर बदलत नाहीं. तिच्यावरून घोडा ओळखतां येईल. धन्याचें दैव ओळखतां येणार नाहीं.

त्याच घोड्याच्या पाठीवर, खोगिराच्या जागीं, पांढऱ्या केसांचे दोन-चार ठिपके असले तर त्यांकडे मात्र पुष्कळांचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः त्या जनावराचें चरित्र तेथेंच लिहिलेलें असतें. प्रमाणाबाहेर दाब पडून कातडी एकदां दुखावली, म्हणजे केसांस रंग देणाऱ्या पेशी नाश पावतात, आणि जखम भरून आल्यावर त्या जागीं उगवणारे केस पांढरे येतात. भोंवरा हा जन्माबरोबर आलेला असतो. हे पांढरे केस माणसानें दिलेले असतात.

तकाकीचेंही असेंच आहे. विक्रीच्या आदल्या दिवशीं अंगावरून तेलाचा हात फिरविला, तर अर्धपोटी जनावरही चार घटका तुकतुकीत दिसतें. ही उसनी तकाकी ओळखण्यास मोठें ज्ञान लागत नाहीं. कोरडा तळहात मानेवरून खांद्याकडे एकदां फिरवावा. तेल लावलेलें असेल तर हात चिकटतो आणि धुळीचा मळ बोटांस लागतो. निरोगी घोड्याचे केस हातास मऊ व स्वच्छ लागतात आणि अंगासरसे बसलेले असतात. चिमटींत धरलेली कातडी सोडतांच जागच्या जागीं परत जाते. अशी कांति बाटलींतून मिळत नाहीं. ती गव्हाणींतून येते, तबेल्याच्या कोरड्या जमिनींतून येते, नीट बसणाऱ्या खोगिरांतून येते, आणि या सर्वांहून अधिक ती मोतद्दाराच्या रोजच्या हातांतून येते. तो हात नेमकें काय काम करतो, याचाच विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम कातडीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. घोड्याची कातडी दिसते तितकी राकट नसते. पाठीवर ती कांहींशी जाड असली, तरी तोंडावर, काखेंत आणि मांड्यांच्या आंतील बाजूस ती फार पातळ असते. अंगावर एक माशी बसली तरी घोड्यास कळतें, आणि कातडीखालचा स्नायु थरथरवून तो तिला उडवून लावतो. ज्या अंगास माशीचा भार कळतो, त्यास खोगिराखालचा खडा कसा लागत असेल, याची कल्पना प्रत्येकानें करावी.

कातडींत केसांच्या मुळांशीं स्निग्ध द्रव्य स्रवणाऱ्या बारीक ग्रंथि असतात. हें द्रव्य केसावर पसरलें म्हणजे केस लवचिक राहतो, पावसाचें पाणी सहसा आंत मुरत नाहीं, आणि गुळगुळीत केसांवरून प्रकाश परावर्तित होऊन अंग चमकतें. उन्हाळा-हिवाळ्याच्या बदलाबरोबर वर्षांतून दोनदां घोड्याची केसझड होते. तिचें मुख्य कारण थंडीवारा नसून दिवसाच्या लांबीत होणारा फरक हें आहे. या दिवसांत मेलेले केस अंगावर राहिले, तर त्यांत मळ व घाम सांचतो आणि खाज सुटते. म्हणून केसझडीच्या आठवड्यांत खरारा अधिक वेळ करावा लागतो.

दुसरी गोष्ट घामाची. माणसाप्रमाणें घोडाही साऱ्या अंगानें घाम गाळून शरीराची उष्णता कमी करतो. त्याच्या घामांत ‘लॅथेरिन’ नांवाचें एक प्रथिन असतें. साबणाप्रमाणें काम करून तें तेलकट केस भिजवितें, त्यामुळें घाम केसांवर लवकर पसरतो आणि वाऱ्यानें वाळतो. धांवून आलेल्या घोड्याच्या मानेवर व मांड्यांमध्यें जो पांढरा फेंस दिसतो, तो याच द्रव्याचा. कडक उन्हांत कष्टाचें काम करणारा मोठा घोडा एका तासांत १० लिटरांहून अधिक घाम गाळूं शकतो, आणि त्या घामांत मीठ पुष्कळ असतें. हें मीठ कातडीवर सुकून राहिलें व त्यावर पुनः खोगीर चढलें, म्हणजे तें कातडीस कानसासारखें घासूं लागतें. ‘पाठ लागली’ असें ज्यास आपल्याकडे म्हणतात, त्या दुखण्याचा आरंभ पुष्कळदां या सुकलेल्या घामांतच असतो.

उलटपक्षीं, घाम अजिबात न येणें हें त्याहून वाईट लक्षण होय. उष्ण व दमट हवेंत कांहीं घोड्यांच्या घर्मग्रंथि काम करीनाशा होतात. इंग्रजी अमदानींत थंड मुलखांतून हिंदुस्थानासारख्या उष्ण देशांत आणलेल्या घोड्यांत हा विकार आढळून येई. असा घोडा थोड्या श्रमानें धापा टाकतो, अंग तापतें, परंतु केस कोरडेच राहतात. पुढें पुढें ते रूक्ष होऊन कपाळावरचे व मानेवरचे झडूंही लागतात. कोरडें अंग पाहून घोडा दमला नाहीं असें समजणारा मनुष्य अशा जनावराचा जीव धोक्यांत घालतो. त्यास तत्काळ सावलींत नेऊन अंगावर गार पाणी घालावें आणि पशुवैद्यास बोलवावें.

पाण्याचा उल्लेख आला, म्हणून स्नानाविषयीं दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांत घोड्यांस दिवसांतून दोनदां स्नान घालावें व गंधपुष्पांनीं सजवावें असें सांगितलें आहे. राजाच्या पागेंत अंग पुसण्यास माणसांची वाण नव्हती. आजच्या गरीब घोडेवाल्याच्या तबेल्यांत स्थिति निराळी असते. घोडा धुवून तसाच ओला बांधून ठेवला, तर त्या स्नानानें हित होण्याऐवजीं अहितच होतें. शिवाय रोज साबण लावल्यास अंगचें स्निग्ध द्रव्य धुवून जातें, केस रूक्ष होतात व कोंडा पडतो. माणसांच्या कपड्यांचा साबण किंवा धुण्याचा सोडा तर घोड्याच्या अंगास कधींच लावूं नये. काम करून आल्यावर खोगिराची जागा, तंगाची जागा व मांड्यांमधील घाम साध्या पाण्यानें धुवावा, हाताच्या कडेनें किंवा लांकडी पट्टीनें पाणी निपटून काढावें, आणि अंग कोरडें होईपर्यंत वाऱ्याशीं पण सावलींत घोडा फिरवावा. साबणाचें स्नान क्वचितच व कोरड्या उन्हाच्या दिवशीं घालावें. साबणाचा अंशही केसांत राहूं देऊं नये. ओल्या अंगावर झूल घालूं नये, हा नियम तर प्रत्येक तबेल्याच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे.

स्नान एखादे वेळीं चुकलें तरी चालेल. खरारा मात्र चुकूं नये. खरारा हा शब्द आपण साधनासही लावतों आणि त्या क्रियेसही लावतों. साधनाविषयीं एक गैरसमज आहे, तो आधीं दूर केला पाहिजे. लोखंडी दांत्यांचा खरारा पुष्कळ ठिकाणीं थेट घोड्याच्या अंगावर चालविला जातो. घोडदळांतील शिस्तींत लोखंडी खरारा कुंच्यांत अडकलेला मळ व केस काढण्याकरितां असे. घोड्याच्या अंगावर कुंचा फिरे. लोखंडी दांत्यांनीं कातडीवर बारीक ओरखडे पडतात, आणि हेच ओरखडे पुढें पावसाळ्यांत रोगजंतूंस दार उघडून देतात. आतां रबराचे खरारे सर्वत्र मिळतात. अंगावर चालविण्यास तेच योग्य.

कामाचा क्रम असा असावा. घोडा डाव्या बाजूनें घ्यावा. कानामागून आरंभ करून मान, खांदा, पाठ, बरगड्या व मांडी अशा ओळीनें रबरी खरारा वर्तुळाकार फिरवावा. त्यानें मेलेले केस सुटतात आणि मळ वर येतो. तोंड, पाठीचा कणा, कमरेचीं हाडें व गुडघ्यांखालचे पाय, येथें हाडावर मांस थोडें असल्यामुळें खरारा चालवूं नये. तेथें मऊ कुंचा किंवा फडकें वापरावें. मग केसांच्या दिशेनें कुंचा मारून वर आलेला मळ झाडावा. त्यानंतर गवताची घट्ट मूठ वळून ती किंचित् ओली करावी व तिनें मान, खांदे आणि मांड्या चोळाव्या. या चोळण्यानें स्निग्ध द्रव्य मुळापासून टोंकापर्यंत पसरतें आणि रक्ताभिसरणही सुधारतें. डोळे व नाकपुड्या एका फडक्यानें आणि शेपटीखालची जागा दुसऱ्या फडक्यानें पुसावी. दोन्ही फडकीं एकत्र करूं नयेत. आयाळ व शेपटी ओढून विंचरल्यास केस तुटतात, म्हणून आधीं गुंता बोटांनीं सोडवावा. शेवटीं चारही खूर उचलून आंतील माती काढावी.

हें सर्व झाल्यावर कुंचा बाजूस ठेवावा आणि उघड्या तळहातानें घोड्याचें सारें अंग एकदां चांचपावें. सर्व खराऱ्यांत महत्त्वाची पायरी हीच होय, आणि घाईच्या वेळीं नेमकी हीच गाळली जाते. केसांखालची लहानशी खपली डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु बोटांस लागते. पाठीवर एखादी जागा इतर अंगापेक्षां अधिक गरम असली, तर ती तळहातास कळते. खोगिराच्या जागीं हलका दाब देतांच घोड्यानें पाठ खालीं टाकली किंवा कान मागें घेतले, तर उद्यां होणारी जखम आजच कळून चुकते. कानांच्या आंत, आयाळीच्या मुळाशीं, शेपटीखालीं आणि मागच्या पायांमध्यें गोचिडी दडून बसतात. त्याही हातासच सांपडतात. जनावरास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. ज्याचा हात त्याच्या अंगावरून रोज फिरतो, त्यास मात्र तें न सांगतां समजतें. मोतद्दार हा घोड्याचा पहिला वैद्य आहे, आणि त्याची विद्या त्याच्या तळहातांत आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु हातास जें काम करतां येतें, तें पोटांत कांहीं गेल्यावरच. केस हा मुख्यतः प्रथिनाचा बनलेला असतो. नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या जनावरास कितीही खरारा केला, तरी तकाकी येणार नाहीं. चांगलें वाळलेलें गवत हा घोड्याच्या आहाराचा पाया. त्यास हिरवी हरळी अथवा लसूणघास यांची जोड द्यावी, आणि कामाच्या मानानें चंदी घालावी. जवस भरडून व पाण्यांत चांगले शिजवून थोड्या प्रमाणांत देण्याची पद्धत जुनी आहे. जवसाच्या तेलांत कातडीस उपयुक्त अशीं स्निग्धाम्लें विपुल असतात. कच्च्या बियांत मात्र पाण्याशीं संयोग होतांच विषारी वायु उत्पन्न करणारें द्रव्य असतें. म्हणून ते भिजवून तसेच न घालतां उकळून घालण्याची काळजी घ्यावी. तांबें व जस्त हीं खनिजें अन्नांत कमी पडलीं, तर केसांचा रंग विटतो; काळ्याभोर घोड्याच्या अंगावर तांबूस झांक येऊं लागते. ऊन व घाम यांनींही असें होतें, म्हणून दोहोंचा विचार करावा. गव्हाणींत सैंधवाचा एक खडा कायम ठेवावा, म्हणजे घामांतून गेलेलें मीठ घोडा आपल्या गरजेप्रमाणें चाटून भरून काढतो. स्वच्छ पाणी दिवसाकांठीं २५ ते ५० लिटर लागतें, आणि उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक.

अकबराच्या पागेंतील घोड्यांस तूप व साखरही दिली जात असे, असें आईन-इ-अकबरींत नमूद आहे. त्या थाटाची बरोबरी करण्याचें कारण नाहीं. सामान्य घोडेवाल्याच्या जनावराची कांति बिघडण्याचें एक मोठें कारण तुपाचा अभाव हें नसून पोटांतील जंत हें असतें. पोट सुटलेलें, बरगड्या दिसणाऱ्या, केस उभे राहिलेले, असें रूप दिसूं लागलें म्हणजे लीद तपासून घ्यावी आणि पशुवैद्य सांगेल तें जंताचें औषध वजनाच्या मानानें द्यावें. तपासणीवांचून वारंवार औषध दिल्यास जंत त्या औषधास दाद देईनासे होतात.

आतां पावसाळ्याकडे वळूं. महाराष्ट्रांतील घोड्याची खरी परीक्षा पावसाळाच घेतो, आणि ही गोष्ट येथील राज्यकर्त्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होती. १६७३ सालीं चिपळूण भागांतील छावणीच्या अंमलदारांस शिवाजी महाराजांकडून गेलेलें पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्याकरितां सांठविलेला दाणा व वैरण आधींच उधळली, तर ऐन पावसांत घोडीं उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्या माथीं येईल, असा त्या पत्रांतील इशाऱ्याचा आशय आहे. घोडा मोहिमेवर मरतो तसा तो छावणींत दुर्लक्षामुळेंही मरतो, हें त्यांत ओळखलेलें आहे. पावसाळ्यांतील कातडीच्या रोगांविषयीं तीच दृष्टि ठेवली पाहिजे.

या दिवसांतील नेहमींचा रोग म्हणजे पावसाच्या पाण्यानें पाठीवर येणाऱ्या खपल्या. याचें कारण ‘डर्मॅटोफिलस’ नांवाचा एक सूक्ष्म जंतु आहे. १९१५ सालीं आफ्रिकेंतील कांगो प्रदेशांत त्याचा प्रथम शोध लागला. कोरड्या खपलींत तो निपचित पडून राहतो. ओल मिळतांच त्याचीं पोहणारीं बीजें बाहेर पडतात आणि मऊ झालेल्या कातडींत शिरतात. पाठीवर व कमरेवर केसांचे पुंजके उभे राहतात आणि चिमटींत धरतांच खपलीसह निघून येतात. त्या पुंजक्याचें रूप रंगाच्या कुंचल्यासारखें असतें. उपाय साधा असला तरी चिकाटीचा आहे. घोडा छपराखालीं घ्यावा. पशुवैद्यानें सांगितलेल्या जंतुनाशक पाण्यानें खपल्या भिजवून हलक्या हातानें काढाव्या, ओरबाडूं नयेत. जागा पूर्ण कोरडी करावी. आणि काढलेल्या खपल्या तबेल्यांत न टाकतां जाळून टाकाव्या. चिखलांत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुरांच्या वरच्या भागासही असेंच दुखणें होतें. तेथें चिखल वारंवार धुण्यापेक्षां तो वाळूं द्यावा आणि मग कुंच्यानें झाडावा, हें अधिक हितकर.

दुसरा रोग तर आपल्याच देशाचें नांव घेऊन जगभर गेलेला आहे. पावसाळ्यांत घोड्याच्या जखमा भरण्याऐवजीं चिघळत जातात, मांस वाढतें, आणि त्यांत पिवळट, खड्यांसारखे कठीण कण सांपडतात. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रज पशुवैद्यांनीं यास येथील लोकांच्याच तोंडचें ‘बरसाती’ हें नांव दिलें. पुढील संशोधनानें असें दिसून आलें कीं, या एका नांवाखालीं निदान दोन निराळे रोग गणले जात होते. एकांत घोड्याच्या जठरांत राहणाऱ्या कृमींच्या अळ्या माशांबरोबर जखमेवर येऊन पडतात. दुसऱ्यांत सांचलेल्या पाण्यांत वाढणारी, बुरशीसारखी दिसणारी एक सूक्ष्म वनस्पतिसदृश जात पायांच्या व पोटाच्या कातडींत शिरते. या दुसऱ्या रोगांतील कठीण कणांस पाश्चात्त्य ग्रंथांतही आपला ‘कंकर’ हाच शब्द वापरतात. कारणें निराळीं असलीं तरी प्रतिबंध एकच: पावसाळ्यांत जखम लहान म्हणून उघडी ठेवूं नये, तबेल्यांतील लीद रोज लांब नेऊन टाकावी म्हणजे माशा वाढत नाहींत, आणि डबक्यांत घोडा उभा करूं नये. वाढलेली जखम घरगुती उपायांनीं बरी होत नाहीं. त्यांत दिवस घालविल्यास शस्त्रक्रियेचीही वेळ निघून जाते.

तिसरा त्रास चिलटांचा. कांहीं घोड्यांच्या कातडीस चिलटांचा दंश मुळींच सोसत नाहीं. ते आयाळ व शेपटीचें मूळ भिंतीवर घासघासून रक्तबंबाळ करून घेतात. चिलटें विशेषतः पहांटे व सायंकाळीं निघतात आणि वाऱ्यापुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं. म्हणून या दोन वेळीं घोडा आंत बांधावा, आणि विजेचा पंखा लावण्यासारखा असेल तर तो लावावा. हा साधा उपाय पुष्कळ लेपांपेक्षां गुणकारी ठरतो.

पावसाळा संपला तरी एक धोका बाराही महिने राहतो, आणि तो माणसानें स्वतः घोड्याच्या पाठीवर ठेवलेला असतो. १८५० सालीं ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानें माथेरानचा डोंगर युरोपियनांच्या नजरेस आणला. त्या गांवांत प्रवाशांच्या मोटारींस अद्यापि प्रवेश नाहीं. त्यांची वाट दस्तुरी नाक्यापाशीं संपते. तेथून पुढें घोड्यावर बसून तांबड्या मातीच्या वाटांनीं जाण्याची रीत फार जुनी आहे. अशा ठिकाणीं एकच घोडा दिवसांतून अनेक लहानमोठ्या, हलक्या व वजनदार स्वारांस पाठीवर घेतो. घोड्याची पाठ हीच त्या कुटुंबाची भाकरी असते. खोगीर नीट न बसल्यास आधीं पाठ जाते, आणि तिच्यामागोमाग भाकरी जाते.

खोगीर कसें बसतें हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. काम संपवून खोगीर उतरलें म्हणजे खालचें अंग पाहावें. सर्वत्र सारखा घाम असून मध्येंच एखादी जागा कोरडी राहिली असेल, तर तेथें दाब अधिक पडून घाम निघण्यास वाव मिळाला नाहीं असें समजावें. खोगिराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पडावा. कण्यावर व खांद्याच्या उंचवट्यावर तें टेंकूं नये. खोगिराखालचा नमदा रोज झटकून उन्हांत वाळवावा, आणि त्यास टोंचणारा गोखरू किंवा कुसळ राहिलेलें नाहीं याची हातानें खात्री करावी. तंग एकदम आवळूं नये. टप्प्याटप्प्यानें आवळून पुढचे पाय एकेक करून पुढें ओढावे, म्हणजे तंगाखालीं अडकलेली कातडीची घडी सुटते. दूरवरून आल्यावर तंग सैल करून खोगीर थोडा वेळ पाठीवरच ठेवावें व मग उतरावें, असा घोडदळाचा जुना प्रघात होता.

एवढें करूनही पाठ लागलीच, तर औषध एकच: खोगीर उतरवून ठेवणें. मलम लावून, वर जाड कांबळें घालून काम चालू ठेवलें, तर जखम आंतून खोल जाते. लग्नाच्या वरातींत जरीच्या झुलीखालीं अशा जखमा झांकल्या जातात, आणि वाजंत्र्यांच्या गजरांत घोड्याचें कण्हणें कोणास ऐकूं येत नाहीं. जखमी जनावरास कामास जुंपणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यान्वयें अपराध आहे. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक झुलीखालीं पाहूं शकत नाहीं. घोड्यावर बसणाऱ्या प्रवाशानें, आणि वरातीचा घोडा ठरविणाऱ्या यजमानानें, आधीं झूल वर करून पाठ पाहिली, तर कायद्यापेक्षां अधिक काम होईल. दोन आठवड्यांच्या विश्रांतीनें बरी होणारी पाठ दोन दिवसांच्या मजुरीकरितां कायमची गमावणें यांत व्यवहारही नाहीं आणि दयाही नाहीं. तरीही घोडेवाल्याच्या घरीं त्या दोन दिवसांचीच चूल असते, हें विसरून चालणार नाहीं. म्हणून आळीपाळीनें काम करणारा दुसरा घोडा, किंवा भाईबंदांनीं आपसांत वांटून घेतलेली पाळी, अशी कांहीं व्यवस्था गांवोगांव असणें अवश्य आहे.

राहिले संसर्गजन्य रोग. नायट्यासारखे गोल चट्टे पडून केस झडूं लागले, तर तो बुरशीचा रोग असण्याचा संभव असतो. तो एका घोड्याच्या कुंच्यानें दुसऱ्यास आणि मोतद्दाराच्या हातासही लागतो. खरजेचेंही तसेंच. यासाठीं प्रत्येक घोड्याचा खरारा, कुंचा, फडकीं व नमदा वेगळा असावा, आणि नवीन आणलेला घोडा कांहीं दिवस दूर बांधावा. या सर्वांत भयंकर रोग ‘ग्लँडर्स’ हा होय. त्यांत नाकांतून घट्ट स्राव येतो, आणि त्याच्या एका प्रकारांत पायांवर व अंगावर माळेसारख्या गांठी उठून फुटतात. हा रोग माणसास होऊन प्राणघातक ठरूं शकतो. कांहीं वर्षें देशांत न दिसलेला हा रोग २००६ सालीं महाराष्ट्रांतच पुनः आढळला. याकरितां १८९९ सालीं स्वतंत्र कायदा झाला होता. आतां त्याची जागा २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें घेतली आहे. अशा गांठी दिसतांच त्यांस उघड्या हातानें स्पर्श न करतां सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. रक्ताची तपासणी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रांत होते. घोडा जाईल या भीतीनें रोग लपविला, तर एका घोड्याबरोबर शेजारचे दहा घोडे आणि घरचीं माणसेंही संकटांत सांपडतात.

येथवर सांगितलेल्या गोष्टींचा हिशेब मांडला, तर असें दिसेल कीं त्यांतील बहुतेकांस पैसा थोडा लागतो आणि वेळ मात्र रोज लागतो. सकाळीं कामास निघण्यापूर्वीं अर्धा तास व सायंकाळीं खोगीर उतरल्यावर अर्धा तास, एवढा वेळ ज्या तबेल्यांत घोड्याच्या अंगावरून हात फिरतो, तेथें औषधाच्या बाटल्या क्वचितच दिसतात. ज्यांच्या घरीं घोडा आहे, त्या श्रोत्यांनीं आज रात्रीं चंदी घालतांना एवढेंच करावें: दिवा जवळ आणावा, झूल काढावी, आणि मानेपासून शेपटीपर्यंत, मग पोटाखालीं व चारही पायांवरून खालपर्यंत, उघडा तळहात सावकाश फिरवावा. जेथें घोडा अंग चोरील, तेथें उद्यां खोगीर ठेवूं नये.